मुक्या प्राण्याची रजा

आजारातून उठलेल्या मनुष्यास पुन्हा कामास केव्हा लागावे, हे त्याचे त्यास विचारता येते. त्यास वाटल्यास तो आणखी आठ दिवसांची रजा मागेल. घोड्यास अथवा हत्तीस ही सोय नाही. त्याची रजा धन्याच्या मर्जीवर अवलंबून असते. तेव्हा मुक्या प्राण्यास आपण जी विश्रांती देतो तिला दया म्हणावयाचे, की अवजाराची निगा?

गडचिरोली जिल्ह्यात, अहेरी तालुक्यातील कमलापूरच्या अरण्यात, वनखात्याचे हत्ती आहेत. दरवर्षी जानेवारीच्या थंडीत साधारण दहा दिवस त्यांस कामातून सुटी मिळते. वनौषधी कुटून व शिजवून केलेला गरम लेप माहूत आणि चाराकटर त्यांच्या पायांस लावतात. तेथे या उपचारास ‘चोपिंग’ असे नाव आहे. थंडीने तळव्यांस भेगा पडू नयेत हा त्यातील एक हेतू. एवढ्या प्रचंड देहाचा भार चार पावलांवर. शिवाय माणसाजवळ राहणाऱ्या हत्तींस पायांचे विकार फार जडतात.

यावर कोणी म्हणेल, ‘पाय शाबूत तर काम शाबूत, यात पुण्य ते कोणते?’ पोळ्याच्या आदल्या दिवशी विदर्भातील शेतकरी तूप-हळदीने बैलाचे खांदे शेकतो, त्यासही हाच आक्षेप लागू पडेल. परंतु आम्हांस तो मान्य नाही. उपयोग आणि माया एकाच वाटेने चालत असतील तर मायेस कमीपणा येत नाही. मात्र तोवर तिची परीक्षाही होत नाही. परीक्षा होते ती दोघांच्या वाटा फुटतात तेथे.

अशी एक जागा घोड्याच्या खुरात सापडते. खूर महिन्याकाठी जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. वरच्या केसाळ कडेपासून पुढच्या टोकापर्यंत नवा खूर उतरावयास नऊ महिने ते वर्ष लागते. एरवीही दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंदाकडून नाल काढवून खूर छाटून घ्यावा लागतो. खुरास आतून दाह झाला, तर त्याची भिंत आतल्या हाडापासून सुटू लागते. औषधाने वेदना लवकर शमते, लंगडणे थांबते. पण सुटलेली पकड तितक्या लवकर जुळत नाही. घोडा बरा दिसतो, आणि बरा झालेला नसतो.

त्यातून स्वारही नुकताच दुखण्यातून उठलेला असेल तर प्रसंग अधिकच नाजूक. रिकिबीत पाय टाकला म्हणजे आपण बरे झालो, असे त्यास वाटते. ही इच्छा स्वाभाविक आहे, निंद्य नव्हे. पण वैद्याने परवानगी दिली ती स्वारास. घोड्यास कोणी दिली? आपल्या आरोग्याची खूण पटविण्यासाठी दुसऱ्याच्या अपुऱ्या आरोग्यावर स्वार होणे हा आम्ही अन्याय समजतो. मग तो घोडा कितीही लाडका असो. किंबहुना लाडका असेल तर अधिकच.

याहून कठीण प्रश्न पुढे आहे. तो खूर कधीच पूर्ववत् झाला नाही तर? पुन्हा पाठीवर बसावयाचे या आशेने केलेली शुश्रूषा आशेबरोबरच संपली, तर ती निगाच होती असे म्हणणे भाग आहे. कमलापूरच्या हत्तींचा मुख्य उपयोग पूर्वी जंगलातील लाकूड ओढण्याचा होता. आता त्यांस पाहावयास लोक येतात हे खरे, आणि हाही एक उपयोगच. तथापि त्या दहा दिवसांत तळव्यांवर पडणारा लेप किती ओंडके ओढले गेले याचा हिशेब विचारीत नाही.

ज्याच्या पाठीवर आपण बसलो, त्याची विश्रांती आपल्या गरजेने सुरू झाली असेल. ती संपावी मात्र त्याच्या पावलाच्या साक्षीने. आणि ते पाऊल कधीच साक्ष देणार नसेल, तर ती संपूच नये.