बंद दारामागील बंधुत्व

‘लॉज’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर मुक्कामाची खोली उभी राहते. परंतु मुंबईच्या फोर्ट भागातील फ्रीमेसन्स हॉल या इमारतीत जे ‘लॉज’ भरतात, त्यांचा अर्थ निराळा आहे. फ्रीमेसन नावाच्या जुन्या बंधुसंघाच्या त्या स्थानिक शाखा होत. उत्तर हिंदुस्थानातील सामान्य लोक अशा वास्तूंना ‘जादूघर’ म्हणत. इराणात तिला ‘फरामोशखाना’, म्हणजे विस्मरणाचे घर, असे नाव पडले होते. आत जे पाहिले ते बाहेर पडताना विसरायचे, असा त्याचा भाव.

आपल्या समाजातील एखाद्या डॉक्टरला, वकिलाला किंवा व्यापाऱ्याला या संघात येण्याचे निमंत्रण मिळते, तेव्हा तो आलिमांकडे प्रश्न घेऊन येतो : तिथे बंधुभाव आहे, दानधर्म आहे, ईश्वरावर विश्वास असल्याशिवाय प्रवेशच नाही; मग मुसलमानाने जाण्यास हरकत कोणती? या प्रश्नाला आपल्याकडे दोन तयार उत्तरे आहेत. एक म्हणतो, ही सैतानी टोळी आहे, जगातील प्रत्येक अनर्थामागे तिचा हात आहे. दुसरा म्हणतो, चांगले काम चालले आहे, तेवढे पुरे. ही दोन्ही उत्तरे माणसाला विचाराच्या कष्टातून सोडवतात. पण प्रश्न त्याहून खोल आहे : ज्या बंधुत्वाला दार आणि पहारेकरी आहे, त्याला बंधुत्व म्हणावे काय? हा प्रश्न एकदा विचारला की तो केवळ लॉजपुरता उरत नाही.

न्यायाची पहिली अट

कोणत्याही समूहाविषयीची नावड आपल्याला अन्यायाकडे ढकलू नये, ही सूरह माइदाच्या आठव्या आयतीची शिकवण आहे. बातमीची शहानिशा करा, ही सूरह हुजुरातची आज्ञा आहे. भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या अफवांना या आज्ञेतून सूट मिळालेली नाही. म्हणून आधी जे ठाऊक आहे ते सरळ सांगावे.

दगडी इमारती बांधणाऱ्या गवंड्यांच्या जुन्या संघटनांची परंपरा हा संघ सांगतो. गुण्या, कंपास आणि ओळंबा ही त्यांची अवजारे त्याने सदाचाराची प्रतीके म्हणून घेतली. १७१७ साली लंडनमध्ये त्याचे पहिले मध्यवर्ती मंडळ स्थापन झाले. १७२३ साली प्रसिद्ध झालेल्या नियमग्रंथात, सर्व भली माणसे ज्यावर एकमत होतील अशा नीतीवर भर दिलेला आहे. सभेत धर्म आणि राजकारण यांवर वाद घालण्यास मनाई असते. सदस्याने आपापल्या धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यावयाची, म्हणून मुसलमान सदस्यासाठी तिथे कुरआन ठेवला जातो. आजारी सदस्याची विचारपूस आणि दिवंगत सदस्याच्या विधवेची काळजी यांसाठी स्वतंत्र पदाधिकारी नेमलेला असतो. १७८८ साली लंडनमध्ये या संघाने सदस्यांच्या निराधार मुलींसाठी शाळा काढली. पुढील काळात रुग्णालये आणि सार्वजनिक कार्ये यांनाही त्याच्याकडून मदत गेली.

त्यांच्या दीक्षाविधीतील एक प्रसंग विचार करण्याजोगा आहे. उमेदवाराजवळील पैसे आणि धातूच्या सर्व वस्तू आधी काढून घेतल्या जातात. मग भर सभेत त्याच्याकडे दान मागितले जाते. त्याच्याजवळ देण्यासारखे काहीच नसते. तेव्हा त्याला सांगितले जाते की, पुढे एखादा बंधू विपन्नावस्थेत भेटला तर हा क्षण आठव. शिकवण म्हणून ही गोष्ट सुंदर आहे, आणि सुंदर गोष्टीला सुंदर म्हणण्याने ईमानला बाधा येत नाही. इहरामची दोन शिवणविरहित वस्त्रे लेवून अराफातच्या मैदानात उभा राहणारा हाजी हाच धडा गिरवीत असतो. फरक इतकाच की अराफातच्या मैदानाला भिंत नाही.

न वाचलेला करार

मक्केतील राबिता-ए-आलम-ए-इस्लामीच्या फिक्ह अकादमीने १९७८ साली या संघाचे सदस्यत्व मुसलमानास वर्ज्य ठरविले. ज्या तरुणास केवळ हुकूम हवा आहे, त्याला येथे उत्तर मिळते. परंतु दीन आपल्याला हुकमामागील कारणेही समजून घ्यायला शिकवतो. मला त्यांतील एक कारण विशेष महत्त्वाचे वाटते.

लॉजमध्ये मनुष्य आधी शपथ घेतो आणि ती कशाविषयी होती हे त्याला नंतर, पायरीपायरीने कळते. प्रारंभिक दीक्षा, मग दुसरी पदवी, मग तिसरी. जुन्या शपथांत ती मोडणाऱ्याला भयंकर शारीरिक शिक्षांची वचनेही होती. इंग्लंडच्या मंडळाने ती १९८६ साली शपथेतून काढून टाकली. शिक्षा गेल्या, तरी अडचण राहते. प्रत्येक वचनाचा जाब विचारला जाईल, असे सूरह बनी इस्राईल बजावते, आणि दोनच आयतींनंतर सांगते की ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे जाऊ नका; कान, डोळे आणि हृदय या सर्वांची झडती होणार आहे. ज्याचा जाब अल्लाहपुढे द्यायचा आहे, ते वचन न वाचता कसे द्यावे? बैलगाडी घेणारा शेतकरीसुद्धा आधी चाक पाहतो. येथे तर विक्रीला स्वतःची जबान आहे.

लपवावे काय?

गुप्ततेवर आक्षेप घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इस्लामने प्रत्येक गुप्त गोष्ट निषिद्ध मानलेली नाही. सूरह निसाच्या ११४ व्या आयतीचा आशय असा की, लोकांच्या बहुतेक खाजगी मसलतींत भलाई नसते. अपवाद त्या मसलतीचा, जी दान, सत्कार्य किंवा लोकांमधील समेट यांसाठी असेल. सूरह बकरहमध्ये उघड दानही चांगले म्हटले आहे, पण गरिबाला गुपचूप दिलेले दान अधिक चांगले म्हटले आहे.

म्हणजे झाकायचे ते घेणाऱ्याचे दैन्य आणि देणाऱ्याचा अहंकार. इमाम जैनुल आबिदीन (रह.) यांच्याविषयी इतिहासकारांनी नोंदवले आहे की, ते रात्री पाठीवर पिठाची पोती वाहून मदीनेतील गरीब घरांच्या दाराशी ठेवीत. घेणाऱ्यांना दाता कोण हे ठाऊक नव्हते. त्यांचा इंतकाल झाला, रात्रीची पोती येणे थांबले, गुस्ल देताना पाठीवर ओझ्याचे वळ दिसले, तेव्हा मदीनेला कळले. त्यांच्या दीनमध्ये, नमाजमध्ये, मजलिसमध्ये लपविण्याजोगे काही नव्हते. लपविलेली होती ती फक्त पोती. संस्था आपले विधी झाकते आणि दानाची पाटी लावते, तेव्हा हा क्रम उलटा होतो. आणि ही पाटी लावण्याचा छंद केवळ जादूघरांना आहे असे कोण म्हणेल? आपल्या मशिदींच्या पंख्यांवरही देणगीदारांची नावे फिरत असतात.

अपरिचिताची हाक

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनात एका बंधुकराराचा प्रसंग आहे. तो नुबुव्वतच्या आधीचा असला, तरी त्यांनी त्याला नंतरही मान दिला. यमनमधील झुबैद कबिल्याचा एक व्यापारी मक्केत माल घेऊन आला. आस बिन वाइल या सरदाराने माल घेतला आणि पैसे बुडवले. मक्केत त्या परक्या माणसाचा कोणी नातलग नव्हता, मित्र-कबिला नव्हता. त्याने अबू कुबैस टेकडीवर चढून फिर्याद मांडली. तेव्हा काही कबिल्यांचे लोक अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी जमले आणि त्यांनी शपथ घेतली की, मक्केत अन्याय झालेला मनुष्य येथला असो वा बाहेरचा, त्याचा हक्क परत मिळेपर्यंत आम्ही त्याच्या बाजूने उभे राहू. व्यापाऱ्याचा माल त्याला परत मिळाला. हाच ‘हिल्फुल फुजूल’. सुमारे वीस वर्षांचे मुहम्मद (स.) त्या सभेत उपस्थित होते. पुढे त्यांनी सांगितले की, उत्तमोत्तम तांबडे उंट देऊनही मी तो करार सोडला नसता, आणि इस्लाममध्येही अशा कराराची हाक आली तर मी ओ देईन.

हा करारही एका घरात, निवडक माणसांनी केला होता. त्यातही शपथ होती. पण त्याचा लाभ शपथ घेणाऱ्यांपैकी कोणालाच व्हायचा नव्हता. ज्याच्यासाठी हात जोडले गेले, तो त्या घरात नव्हता, त्या गावचाही नव्हता. बंधुसंघ पारखण्याची कसोटी येथे सापडते : तो कोणाच्या हाकेने जागा होतो, आपल्या सदस्याच्या की अपरिचिताच्या?

या कसोटीवर मुंबईतील लॉजचा इतिहास बोलका आहे. विश्वबंधुत्वाची भाषा बोलणाऱ्या या संघाने माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईत प्रवेश नाकारला, आणि त्यांना दीक्षा मिळाली ती फ्रान्समध्ये. त्यानंतर १८४३ साली जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज निघाले आणि हिंदी माणसांसाठी दार उघडले. उघडले हे चांगलेच झाले. पण जे बंधुत्व जगाचे म्हणवते, त्याला शेजारच्या माणसासाठी वेगळे दार काढावे लागले, हेही विसरता येत नाही.

क्रम आणि कुंपण

येथे कोणी विचारील : इस्लामही आधी नातलगांना द्या म्हणतो; बहुसंख्य फुकहांच्या मते जकातही मुसलमानांनाच द्यावयाची; मग तुमचेही वर्तुळच नव्हे काय?

प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की क्रम ही एक गोष्ट आणि कुंपण ही दुसरी. क्रम सांगतो, कोठून सुरुवात करावी. कुंपण सांगते, कोठे थांबावे. नातलग आधी, मग यतीम, मग गरजू, मग जवळचा शेजारी, मग परका शेजारी, मग वाटसरू. सूरह निसाची ३६ वी आयत ही यादी देते आणि कोठेही दार लावीत नाही. जकात हे उम्मतवरील नेमून दिलेले कर्तव्य आहे. सदक्याचा हात मात्र सर्वांसाठी मोकळा आहे. सूरह दहरमध्ये अल्लाहच्या प्रेमापोटी ज्यांना जेवू घातले जाते, त्यांत कैदीही आहे; त्या काळी कैदी म्हणजे बहुधा युद्धात हाती आलेला विरोधक. हजरत अस्मा (रजि.) यांना त्यांच्या मुश्रिक मातेशी नाते सांभाळण्यास प्रेषितांनी (स.) सांगितले. हजरत उमर (रजि.) यांनी भीक मागणारा वृद्ध यहुदी पाहिला आणि त्याला बैतुलमालमधून निर्वाह लावून दिला. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे वाटा पाठवला का?

आणखी एक भेद आहे. संघात मदत सदस्यत्वामुळे मिळते. कुरआनच्या भाषेत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा श्रीमंताच्या मालात ‘हक्क’ आहे. तेथे ओळखीची खूण लागते, येथे गरज हीच ओळख.

अल्जीरियाचे अमीर अब्दुल कादिर यांचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. १८६० साली दमास्कसमध्ये दंगल उसळली, तेव्हा त्यांनी आपल्या अल्जीरियन साथीदारांसह हजारो ख्रिस्ती स्त्री-पुरुषांना आश्रय दिला. चालून आलेल्या जमावात त्यांचेच धर्मबांधव होते. पॅरिसच्या एका लॉजने त्यांना गौरवाचे पत्र पाठवले आणि १८६४ साली अलेक्झांड्रियात त्यांना दीक्षा दिली गेली. या सदस्यत्वावर आलिमांनी टीका केली आहे, आणि ती टीका योग्य आहे. पण वर्षांचा क्रम पाहा. दमास्कसच्या गल्लीत ते उभे राहिले तेव्हा त्यांच्याजवळ लॉजची कोणतीही खूण नव्हती. आपण शरीअतच्या आज्ञेने आणि माणुसकीच्या हक्काने वागलो, असे त्यांनी स्वतः कळविले होते. लॉजने ज्या गुणाचा गौरव केला, तो त्यांनी मशिदीत मिळवला होता.

आपले फरामोशखाने

म्हणून निमंत्रण आलेल्या तरुणास माझे सांगणे असे : जे तू तेथे शोधतो आहेस, ते तुझ्या घरात होते. परंतु ते त्याला आपल्याकडे का सापडले नाही, याचे उत्तर त्याने नव्हे, आपण द्यायचे आहे.

आपल्या गावोगावच्या जमाती आणि बिरादऱ्या पाहा. शिष्यवृत्तीच्या अर्जावर आधी बिरादरी विचारली जाते. आजाऱ्याला मदत देताना तो कोणत्या मसलकचा, याची चौकशी होते. कमिटीच्या बैठकीत व्यापाऱ्याला खुर्ची मिळते आणि हातगाडीवाला दाराशी उभा राहतो. कुरैशच्या सरदारांशी बोलणे चालू असताना दृष्टिहीन अब्दुल्लाह बिन उम्मे मकतूम (रजि.) आले, तेव्हा अल्लाहने सूरह अबस उतरवून आपल्या लाडक्या प्रेषितांचे (स.) लक्ष त्या एका गरजू जिज्ञासूकडे वेधले. ती सूरह आपण दरवर्षी तरावीहमध्ये ऐकतो. ऐकून बाहेर येताना ती विसरत असू, तर आपल्या मशिदीत आणि फरामोशखान्यात अंतर किती उरले?

मुमिनांची उपमा प्रेषितांनी (स.) इमारतीशी दिली आहे, जिचा एक भाग दुसऱ्याला बळकट करतो, आणि हे सांगताना त्यांनी दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफून दाखवली. गवंड्याची अवजारे सभागृहात मांडली म्हणून भिंत उभी राहत नाही. विटेने विटेचा भार उचलावा लागतो. यंदा आपापल्या जमातीने एवढेच करून पाहावे : मदतीच्या अर्जावरील बिरादरीचा रकाना काढून टाकावा, सदक्याचा ठराविक वाटा वस्तीतील परक्या शेजाऱ्यासाठी, तो कोणत्याही धर्माचा असो, बाजूला ठेवावा, आणि देणाऱ्याचे नाव कोठेही लिहू नये.

अल्लाह आपले दरवाजे रुंद करो, आपले दान झाकलेले ठेवो आणि अपरिचिताची हाक ऐकणारे कान आपल्याला देवो. आमीन.