चराची जागा

सरावलीच्या एका पाड्यावर मायलेक राहत. मुलगा काही वर्षं वापीच्या कारखान्यात जाऊन-येऊन होता. मग त्याने घरीच राहून परसात भाजीपाला करायचं मनावर घेतलं. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन गादीवाफे पाहून आला. मीटरभर रुंद, तीन मीटर लांब, वीतभर उंच.

आधी त्याने चिकूच्या सावलीत जुन्या सागाच्या फळ्यांचं बाकडं ठोकलं, कमरेइतक्या उंचीचं. त्यावर माती, वाळू आणि चाळलेलं शेणखत कालवायचं, काळ्या पिशव्या भरायच्या, वांग्या-मिरचीचं बी टाकायचं. पिशवी भरण्याआधी तिच्या बुडाला दाभणाने भोकं पाडायची. एकही पिशवी तो भोकांशिवाय सोडत नसे. वाकावं लागत नसल्यामुळे संध्याकाळी आईही तिथे उभी राहून हात लावी.

पाऊस तोंडावर आला तशी वाफे आखायची वेळ झाली. दोन वाफ्यांमध्ये हातभर चर सोडला तर परसात पाच वाफे बसत. त्याने चर वीतभर केले आणि सहावा वाफा काढला.

आई म्हणाली, "पोरा, पाण्याला वाट कुठं ठेवलीस?"

"आये, वाफा उंच आहे ना. पाणी आपसूक खाली उतरतं."

"उतरून जाईल कुठं?"

तो कुदळ चालवत राहिला.

डहाणू-तलासरीकडे वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, तोही दोन हजार मिलिमीटरच्या घरात. इथे परसबाग करणाऱ्याला पावसाळ्यात पाणी घालण्यापेक्षा पाणी काढण्याची काळजी जास्त. कोरड्या मुलखातल्या विटा-फळ्यांच्या वाफ्यांची सुंदर चित्रं पाहून वाफे मांडणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं, असं मला कळकळीने वाटतं.

रोपं वाफ्यांत लावून झाली आणि जुलैत झड लागली. वाफ्यांच्या कडा ढासळून अरुंद चरांत बसल्या आणि चर बुजले. पाणी तुंबलं. चौथ्या दिवशी मिरचीची पानं माना टाकू लागली. पोरगा चक्रावला. पाण्यात उभं असलेलं रोप तहानेल्यासारखं का सुकतं? एक रोप उपटून पाहिलं, तर मुळं तपकिरी, बुळबुळीत, बोटांत धरली की साल सुटून येणारी. मुळांनाही हवा लागते. मातीतल्या बारीक पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात, कुजतात, मग भोवती कितीही पाणी असो, ती ते वर चढवू शकत नाहीत.

आईने त्याला बाकड्यापाशी नेलं. जादा धरलेली रोपं तिथे त्याच पावसात भिजत होती, तरी हिरवीगार होती. तिने एक पिशवी उचलली. बुडातून पाणी ठिबकत होतं.

"याला भोकं कोणी पाडली?"

"मीच."

"मग वाफ्याची का बुजवलीस?"

उघडीप मिळताच त्याने मधला एक वाफा स्वतःच मोडला. पाच वाफे नव्याने आखून मधले चर हातभर केले आणि उताराच्या टोकाला ते शेताकडे सोडले. मोडलेल्या वाफ्याची आणि चरांची माती उरलेल्या पाचांवर चढवली, तसे ते आणखी चार बोटं उंच झाले. बाकड्यावरची रोपं तिथे लावली. वांगी गणपतीनंतर सुरू झाली. घरी खाऊन उरलेली आई डहाणूच्या बाजारात नेऊ लागली.

दिवाळी सरली, माती कोरडी पडू लागली. उंच वाफा लवकर वाळतो, ही त्याची दुसरी बाजू. आता आईने चरांची खालची तोंडं मातीने बांधायला सांगितली. भांडी विसळल्याचं पाणी वरून सोडलं, ते चरांत थांबलं आणि दोन्ही बाजूंच्या मुळांना पोचलं. पावसाळ्यात पाणी बाहेर नेणाऱ्या चरांनी हिवाळ्यात तेच आत आणलं.

पुढच्या वैशाखात शेजाऱ्याने त्याला आपल्या परसात वाफे आखायला बोलावलं. त्याने दोरी आधी चरांसाठी धरली आणि उरलेल्या जागेत वाफे बसवले. चारच बसले. शेजारी कुरकुरला, "एवढी जागा मोकळीच सोडायची?"

"हो," तो म्हणाला आणि पहिली खुंटी ठोकली.