पाण्याचा कागद

कर्जत तालुक्यात, भीमाशंकरच्या डोंगराच्या पायथ्याशी एक ठाकरवाडी होती. आषाढात ओढे ओलांडता येत नसत, इतका पाऊस तिथे कोसळे. वैशाखात मात्र साऱ्या वाडीची भिस्त एका विहिरीवर असे. तळाशी खडकातून बारीक झरा पाझरे. एक बाई आत उतरून करवंटीने हंडा भरी, दुसरी तो दोराने वर ओढून घेई.

एका उन्हाळ्यात पाण्यावरून डोकी फुटली. वाडीच्या कारभाऱ्याने पुरुषमंडळींची बैठक बोलावली. शाळेचे गुरुजीही आले. ते म्हणाले, "१६२० साली मेफ्लॉवर नावाचं जहाज इंग्लंडहून अमेरिकेला निघालं. जायचं होतं व्हर्जिनियाच्या हद्दीत, पण ते लागलं बरंच उत्तरेला. तिथे जहाजावरच्या लोकांची सनद चालत नव्हती. तेव्हा काहीजण म्हणाले, आता आमच्यावर हुकूम कुणाचाच नाही. फाटाफूट झाली असती, तर त्या थंडीत कुणीच तगलं नसतं. म्हणून उतरण्याआधी त्यांनी करार लिहिला : आपण मिळून कायदे करू आणि ते पाळू. एकेचाळीस जणांनी सह्या केल्या."

मंडळींना ते पटलं. लगेच कागद झाला : घरटी दोन हंडे, दिवस उगवल्यावर. सगळ्या पुरुषांनी सह्या-अंगठे केले.

आठवडाभरातच नियम मोडला आणि पुन्हा भांडणं जुंपली. कारभारी चिडून बायकांना बोलू लागला. तेव्हा एका म्हाताऱ्या आजीने विचारलं, "गुरुजी, त्या जहाजात बाया नव्हत्या का हो?"

"होत्या की, आजी."

"मग त्यांच्या सह्या?"

गुरुजी क्षणभर थांबले. "नव्हत्या. अमेरिकेच्या घटनेने बाईचा मताचा हक्क देशभर मान्य केला तो १९२० साली. त्या करारानंतर तीनशे वर्षांनी."

आजी म्हणाली, "विहिरीत उतरतो आम्ही. पाणी रातभर साठतं, पहाटे मिळतं. ऊन चढलं की करवंटीसुद्धा भरत नाही. दोन माणसांच्या घराला दोन हंडे आणि दहा माणसांच्या घरालाही दोनच? आम्हाला विचारलं असतंत, तर हे तेव्हाच सांगितलं असतं."

गुरुजी म्हणाले, "आजी, तुमचं खरं आहे. आपल्याच जिल्ह्यात, महाडला, ज्यांना तळ्याला शिवू देत नव्हते त्यांना घेऊन बाबासाहेब आंबेडकर १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी प्याले. पुढे ते भारताच्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. त्या घटनेने पहिल्याच निवडणुकीपासून बाईला पुरुषाच्या बरोबरीने मत दिलं. आपला कागद मात्र अजून अर्धाच आहे."

दुसरी बैठक विहिरीवरच भरली. आता बायका सांगत होत्या आणि गुरुजी लिहीत होते. पाणी पहाटे, ओळीने. वाटप माणसं मोजून. बाळंतीण आणि आजारी असेल त्या घराला आधी. नियम मोडेल त्याने एक दिवस दुसऱ्याच्या घरी पाणी भरायचं. खाली बायकांचे अंगठे उमटले, पुरुषांचेही.

नियम पहिल्यांदा मोडला तो कारभाऱ्याच्याच मुलाने. अंधारात त्याने दोन हंडे जास्तीचे नेले. सगळे कारभाऱ्याकडे बघू लागले. कुणी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "कागदावर माझाही अंगठा आहे." दुसऱ्या दिवशी पहाटे बापलेक दोघेही त्या म्हाताऱ्या आजीच्या घरी पाणी भरत होते. त्यानंतर पाऊस पडेपर्यंत विहिरीवर भांडण झालं नाही.

तात्पर्य : नियमाचा भार ज्यांच्या डोक्यावर पडतो, त्यांना तो ठरवताना विचारलं पाहिजे, आणि ज्याच्या हाती कारभार असतो, त्याने तो सगळ्यांआधी पाळला पाहिजे. वाडी असो वा देश, सत्तेला या दोन गोष्टींचा लगाम असेल, तरच लिहिलेला कागद घटना ठरतो.