डिसेंबरचं रक्त जूनला चालत नाही

नाताळ तोंडावर आला की सरकारी दवाखान्यातल्या पेशंटला केळी जरा जास्तच मिळतात. सकाळी मंडळीतला तरुण संघ येऊन जातो, दुपारी महिला मंडळ, संध्याकाळी एखादे होऊ घातलेले नगरसेवक. दोन केळी, बिस्किटाचा पुडा आणि एक फोटो. यात वाईट काही नाही. ज्याला भेटायला कोणीच येत नाही त्याला तेवढीच चार माणसं दिसतात. पण जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच खाटेवर दुसरं कोणी असतं, आणि तिकडे कोणी फिरकत नाही. गणेश मंडळं आणि वाढदिवसवाले पुढारी यांचंही असंच चालतं. आता दिवस नाताळचे आहेत, म्हणून आज विट्यातल्या ख्रिस्ती मंडळींशी बोलतो.

पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात वर्गणीचा विषय आहे. वर्गणी यरुशलेमातल्या गरजूंसाठी होती. त्याने सुचवलेली पद्धत अगदी हिशेबी माणसाची आहे: दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काहीतरी वेगळं काढून ठेवावं, म्हणजे मी आल्यावर गोळा करण्याची धावपळ नको. आपण विधवेच्या दोन नाण्यांवर पुष्कळ उपदेश ऐकतो, या ओळीवर फारसे नाहीत. दोन नाण्यांनी डोळे पाणावतात, आणि दर आठवड्याला काढून ठेवणं कंटाळवाणं असतं. माझं म्हणणं या कंटाळवाण्या भागाबद्दलच आहे.

रक्ताचंच घ्या. नाताळनिमित्त रक्तदान शिबिर ही चांगली प्रथा. पण काढलेल्या रक्तातल्या लाल पेशी फार तर 42 दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स जेमतेम 5 दिवस. एका रविवारी साठ जणांनी रक्त दिलं तर बातमी येते, पण एप्रिल-मे महिन्यांत, कॉलेजं बंद आणि शिबिरं नाहीत अशा वेळी, त्यातला थेंबही उरलेला नसतो. थॅलेसेमियाच्या मुलाला मात्र दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, बारा महिने. 18 वर्षांवरचा, 45 किलोंहून जास्त वजनाचा निरोगी पुरुष तीन महिन्यांनी आणि स्त्री चार महिन्यांनी पुन्हा रक्त देऊ शकते. म्हणजे त्याच साठ जणांनी महिन्याला पाच अशी पाळी लावली तर तेवढंच रक्त वर्षभर पुरवता येईल. बॅनर लागणार नाही, एवढंच.

हे शहाणपण आपल्या मातीत जुनंच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी दुधगावच्या वसतिगृहापासून मुष्टिफंड चालवला. दळण-कांडणाच्या वेळी बायांनी मूठभर धान्य बाजूला काढायचं, ते गोळा व्हायचं आणि त्यावर मुलं जेवायची. पुढे 1919 मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था निघाली, 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह उभं राहिलं, आणि आज विट्याचं बळवंत कॉलेज त्याच संस्थेचं आहे. तिकडे दूर मिझोराममध्ये प्रेस्बिटेरियन मंडळीतल्या स्त्रियांनी 1910 च्या सुमारास हेच सुरू केलं. स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ वेगळी ठेवायची, मंडळीने ती गोळा करून विकायची. तिथे ती प्रथा अजून चालू आहे, आणि त्या मुठींवर मंडळीची मोठमोठी कामं उभी राहिली आहेत. दुधगावच्या बाईला मिझोरामची बाई माहीत असण्याचं कारण नव्हतं. दोघींनाही एवढं कळलं होतं की रोज उठणाऱ्या भुकेला सणाचं दान पुरत नाही. आणि त्या मुठीवर नाव कोणाचंच नसायचं. डाव्या हाताला कळू न देण्याची येशूची अट तिथे आपोआप पाळली जायची. आज तीच अट मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर पाळणं अवघड झालंय.

आपल्या भागातली ख्रिस्ती सेवा म्हटलं की मिरजेच्या वॉन्लेस हॉस्पिटलचं नाव निघतं, आणि ते निघावंच. डॉ. विल्यम वॉन्लेस 1889 मध्ये इकडे आले, 1894 मध्ये रुग्णालय उभं राहिलं. जागा मिरज संस्थानची, इमारतीला पैसा अमेरिकेतल्या देणगीदाराचा. देणगी एकदाच दिली गेली. वॉन्लेस मात्र 1928 पर्यंत इथे राबले, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं. श्रीमंताकडून फी घ्यायची आणि त्यात गरिबाचं भागवायचं, हा त्यांचा शिरस्ता. इमारतीच्या पैशाची आठवण आपण ठेवतो, पण रात्रपाळीला जागलेल्या नर्सेसची नावं कोणाला ठाऊक आहेत?

विट्याला पैशाची उणीव आहे असं मला वाटत नाही. गलाईवाल्यांचं गाव आहे हे. खानापूर, आटपाडीची माणसं तमिळनाडू, केरळपासून बंगालपर्यंत सोनं-चांदी गाळतात, आणि देवळाचा जीर्णोद्धार किंवा शाळेची खोली म्हटलं की तिथून हात आखडत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा ज्या भागाने आयुष्यभर टँकरची वाट पाहिली त्या भागातून भाकरी-चपात्यांचे टेम्पो कृष्णाकाठाला गेले. (जुन्या कपड्यांचे ढीगही गेले, आणि बरेच तिथे रस्त्याकडेला कुजले.) पैसा येतो, भाकरी येते, पण वेळ कोणी पाठवत नाही. मुलगा कोइमतूरला, नातवंडं तमिळ बोलतात, आणि इकडे घरात सत्तरीतलं जोडपं. त्यांच्या खात्यावर पैसे असतात, बँकेत केवायसी करायला नेणारं कोणी नसतं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला, मग मोतीबिंदूची तारीख, मग मिरजेला तपासणी. एसटीने जाऊन, केसपेपर काढून, नंबर येईपर्यंत शेजारी बसून राहणारा माणूस त्यांना हवाय, आणि तो महिन्यातून एकदा ठरलेल्या वारी हवाय. मंडळीत सेवानिवृत्त शिक्षक असतात, नर्सबाई असतात. त्यांच्या या दोन तासांना मी थैलीत पडलेल्या नोटेपेक्षा वरचा मान देईन.

इथे एक अडचण आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. ख्रिस्ती माणूस मंडळीबाहेर सेवेला निघाला की काही लोकांच्या मनात येतंच, यात काय डाव आहे? कधी तोंडावर विचारतात, कधी मागे बोलतात. यावर भाषणाने उत्तर देता येत नाही. म्हातारीला दवाखान्यात नेताना पिशवीत पत्रिका नसावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तिने आपणहून विचारलं तर गोष्ट वेगळी. आजाऱ्याला नाही म्हणण्याची मोकळीक नसते, म्हणून धर्माचं सांगण्याचा मोह आपणच आवरायचा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखीच जागा होती. आपणही तालमीतल्या पोरांना बरोबर घ्यावं. मिरजेच्या एसटीत म्हातारबाबांच्या एका बाजूला शब्बाथ शाळेचा शिक्षक आणि दुसऱ्या बाजूला तालमीतला पैलवान बसला, तर डावाची शंका घ्यायची कोणावर?

आणखी एक काम सांगतो. वॉन्लेस यांच्या नावाच्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी रुग्णालय उभं राहिलं, त्या काळी क्षयावर नेमकं औषध नव्हतं. चांगली हवा, विश्रांती आणि आहार एवढाच उपचार. आता औषध आहे आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. आहाराची गरज मात्र संपलेली नाही. सरकार रुग्णाच्या खात्यावर महिन्याला 1000 रुपये टाकतं. त्याशिवाय 2022 पासून ‘निक्षय मित्र’ योजना आहे: कोणीही व्यक्ती किंवा संस्था, रुग्णाच्या संमतीने, त्याला किमान सहा महिने दरमहा धान्य, डाळ, तेल, शेंगदाणे असा शिधा देऊ शकते. एका मध्यम मंडळीला दोन-तीन रुग्ण सहज झेपतील. मात्र रुग्णाचा फोटो काढायचा नाही आणि नाव उपासनेत वाचायचं नाही. क्षय झालाय हे कळल्यावर मुलीचं लग्न मोडणारी माणसं अजून आपल्यात आहेत.

या सहा महिन्यांतला अवघड टप्पा मधला असतो. दोन-तीन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, रुग्णाला वाटतं आपण बरे झालो, आणि गोळ्या सुटतात. मग आजार उलटतो, कधी औषधाला दाद न देणारा होऊन. देणाऱ्याचा उत्साहही नेमका तेव्हाच ओसरलेला असतो. नाताळ मागे पडलेला, ईस्टरही होऊन गेलेला, ऊन डोक्यावर. पंचांच्या बैठकीत जानेवारीच्या शिध्यासाठी दहा हात वर होतील. एप्रिलचं नाव आधी लिहून घ्यावं.