राजीनाम्याचे बळ

भरभक्कम तनख्याची नोकरी सोडून लेखणीवर निर्वाह करू पाहणाऱ्या माणसाला आपला समाज कधी त्यागी पुरुष म्हणून मान देतो, तर कधी संसाराची जबाबदारी झुगारणारा अविचारी म्हणून त्याची संभावना करतो. परंतु या दोन्ही दृष्टींतून एक गोष्ट निसटते. राजीनाम्याचा कागद लेखक एकटाच लिहीत असला, तरी तो लिहिण्याचे बळ त्याला बहुधा दुसऱ्या कोणाकडून तरी मिळालेले असते. हे बळ कोठून येते, याचे उत्तर गेल्या दीडशे वर्षांत पालटत गेले आहे. आणि पांढुर्णा–सौंसरसारख्या, घरात मराठी व कचेरीत हिंदी बोलणाऱ्या मुलुखात राहणाऱ्याला तर त्या उत्तराचा शोध घेतल्यावाचून गत्यंतरच नाही.

जुन्या काळी हा प्रश्न उद्भवत नव्हता. मोरोपंतांना बारामतीकर नाइकांचा आश्रय होता; काव्यरचना आणि पुराणकथन ही त्यांच्या जीविकेशी एकरूप झालेली होती. इंग्रजी अमदानीत शिकलेला माणूस दरमहा पगाराचा चाकर झाला आणि त्याची लेखणी दोन धन्यांत विभागली गेली, तेव्हा प्रथम या प्रश्नाला धार आली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७९ साली सरकारी शिक्षकाच्या नोकरीचा राजीनामा दिला, याचे वर्णन आपण स्वाभिमानाचा तेजस्वी आविष्कार म्हणून करतो, आणि तो तसा होताही. परंतु त्या वेळी ‘निबंधमाला’ सुरू होऊन पाच वर्षे उलटून गेली होती, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. महिन्यामागून महिना अंकाची वाट पाहणारा, वादाला वाद घालणारा, क्वचित चिडणारा असा एक वाचकवर्ग त्यांच्यामागे उभा होता. १८८० च्या आरंभी न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ च्या आरंभी ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली, ती या वाचकाच्या भरवशावर. अण्णासाहेब किर्लोस्कर रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत चाकरीस होते. १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि त्यांनाही कचेरीबाहेरची वाट दिसली, ती तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकामुळे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण आमच्या जुन्या मध्यप्रांताने दिले आहे, आणि ते मला अधिक विचार करावयास लावते. माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ साली दमोहजवळच्या पथरिया या गावी, मराठीभाषी घरात झाला. पदवी घेतल्यावर तहसीलदारीचा हुद्दा चालून आला असता, ज्या काळी तहसीलदाराच्या पुढ्यात सबंध परगणा हात जोडून उभा राहत असे त्या काळी, त्यांनी त्याची मातब्बरी मानली नाही, आणि १९०० साली पेंड्र्यासारख्या दूरच्या गावाहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले. ते मासिक हिंदी होते. मातृभाषा मराठी, आणि लेखणी हिंदी! ज्या लोकांत राहावयाचे त्यांच्याशी बोलावयाचे, तर त्यांच्याच भाषेत बोलले पाहिजे, हा त्यांचा निश्चय होता. आणि तरीही अवघ्या तीन वर्षांत ते मासिक तोट्यापायी बंद पडले. संकल्प शुद्ध होता, विद्वत्ता होती, त्यागही होता. परंतु वाचक अजून घडावयाचा होता. पुढे त्यांनी नागपुरास ‘हिंदी केसरी’ चालविला, १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक भोगली, कुटुंबीयांच्या आग्रहापुढे नमून माफीनामा लिहून दिला, आणि त्या शल्याने विद्ध होऊन ते दासबोधाच्या अनुशीलनाकडे वळले. समर्थांचा दासबोध आणि लोकमान्यांचे गीतारहस्य हे दोन्ही ग्रंथ हिंदीत नेणारा हा पुरुष मराठी वाचकाला जवळजवळ अपरिचित राहावा, याचे मला फार वाईट वाटते.

सौंसरहून नागपूरला जाताना वाटेत सावनेर लागते. तेथे २३ जानेवारी १९१९ रोजी नाटककार राम गणेश गडकरी वारले; त्यांचे ‘एकच प्याला’ अजून रंगभूमीवर यावयाचे होते. लेखणीवर जगण्याची किंमत काय असते, ते सांगावयास या रस्त्यावर दुसरा पुरावा नको.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाने पुन्हा रूप पालटले. डॉ. अनिल अवचटांनी वैद्यकीचा व्यवसाय बाजूस ठेवून लेखन पत्करले, तेव्हा घरखर्चाचा भार त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांच्या येरवड्याच्या मनोरुग्णालयातील नोकरीने वाहिला. ही गोष्ट अवचटांनी कधी लपविली नाही. परंतु मराठी साहित्याच्या इतिहासात अशा पगारांची नोंद कोणी ठेवीत नाही, आणि ती ठेवली पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे. त्यानंतर अच्युत गोडबोले आले. मुंबईच्या आयआयटीतून रसायन अभियांत्रिकीची पदवी घेऊन, सॉफ्टवेअर कंपन्यांची सर्वोच्च पदे भूषवून, मग त्यांनी विज्ञान, अर्थशास्त्र, संगीत, मानसशास्त्र असे विषय मराठीत आणण्याचे व्रत घेतले. येथे बळ आले ते स्वतःच्याच पूर्वार्जित उत्पन्नातून.

आमच्या भागातील सुशिक्षित तरुणाची मनःस्थिती या शेवटच्या उदाहरणाशी जुळते. पुण्यात वा हैदराबादेत चार पैसे गाठीला बांधून गावी परतावे, संत्र्याची बाग पाहावी आणि लिहावे, असे म्हणणारी मुले आता भेटतात. संत्र्याचे कलम लावल्यावर पहिला बहर धरायला चार-पाच वर्षे जातात, आणि तोवर ओळींच्या मधल्या पट्ट्यात कापूस, तूर घेऊनच शेतकरी घर चालवितो. लेखकानेही तसे मधले पीक घ्यावे, यात कमीपणा कसला? पैशाची ही अडचण सुटण्यासारखी आहे. सुटत नाही ती दुसरी. चिपळूणकरांजवळ वाचक होता, द्रव्य नव्हते. या मुलांजवळ द्रव्य आहे, वाचक नाही.

त्याचे कारण आमच्या इतिहासात आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून येथील तहसिलीचा दाखला, पटवाऱ्याचा खसरा, मुलांची बहुतेक पाठ्यपुस्तके हिंदीत आली. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा व सौंसर या तहसिलींचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला, तरी दप्तराची भाषा तीच राहिली. अशा ठिकाणी सप्र्यांचा मार्ग धरून हिंदीत लिहावे, असा सल्ला सुज्ञपणे दिला जातो. मला तो मान्य नाही. सप्र्यांच्या भोवतालचे लोक हिंदी बोलत होते. आमच्या भोवतालचे लोक पोळ्याला बैल सजवितात ते मराठीत, आणि मयताला रडतात तेही मराठीत.

शिवाय हिंदी शाळेत शिकलेल्या येथील मुलाला देवनागरी अक्षर नव्याने शिकावे लागत नाही. त्याच्या हाती मराठी मजकूर पडत नाही, एवढेच. सौंसरच्या खेड्यांतून भजनी मंडळांत बसणारी, हिंदीत दहावी झालेली पोरे तुकोबांची गाथा समोर धरून अडखळत का होईना वाचतात, आणि दोन-तीन वर्षांत अडखळेनाशी होतात. नोकरी सोडून गावी लिहावयास येणाऱ्याने आपले पहिले वर्गणीदार या मंडळांतूनच शोधावेत, आणि राजीनामा देण्यापूर्वीच शोधावयास लागावे.