नावाचे मोल आणि सोन्याचे मोल

धान आणि सोयाबीन घरात आले की चिमूर परिसरात लग्नांची बोलणी सुरू होतात, आणि लग्नाबरोबर सोन्याची. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात हल्ली एक प्रश्न वारंवार कानावर येतो. मंगळसूत्र गावातल्या सोनाराकडून करून घ्यावे, की नागपूर-चंद्रपूरला जाऊन मोठ्या ब्रँडच्या दुकानातून आणावे? ब्रँडचा दागिना महाग पडतो हे सर्वांना ठाऊक आहे. तो त्या जादा पैशाच्या लायकीचा असतो का, हे विचारायला मात्र आपण बिचकतो.

हा बाजाराचा प्रश्न, रविवारच्या पत्रकात कशाला, असे काहींना वाटेल. पण वजन आणि माप यांविषयी पवित्र शास्त्र वारंवार बोलते. खोट्या वजनांचा निषेध लेवीय आणि अनुवाद या दोन्ही पुस्तकांत आहे, आणि नीतिसूत्रांत तो पुन्हा पुन्हा येतो. उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात अब्राहामाचा सेवक विहिरीवर रिबकेला सोन्याची नथ आणि दोन बांगड्या देतो, तिथे लेखकाने वजनसुद्धा नोंदवून ठेवले आहे : नथ अर्ध्या शेकेलची, बांगड्या दहा शेकेलच्या. त्या कोणत्या सोनाराने घडवल्या, हे सांगावेसे त्याला वाटले नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिऑलॉजिका’ या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक पूर्ण प्रकरण लिहिले. वस्तू तिच्या मोलापेक्षा अधिक किमतीला विकणे योग्य आहे काय, हाच त्यातला पहिला प्रश्न. त्यात सोन्याचाही उल्लेख आहे. किमयागारांनी बनवलेले सोने खऱ्या सोन्याच्या गुणाचे नसेल, तर ते खरे म्हणून विकणे ही फसवणूक होय, असे ते म्हणतात. दोष लपवून विकणाऱ्यालाही ते सोडत नाहीत. मात्र व्यापाऱ्याने नफा घेऊच नये, असे त्यांचे म्हणणे नाही. त्याने वस्तूत काही सुधारणा केली असेल, ती दूरवरून आणली असेल, जोखीम पत्करली असेल, तर त्याचा मोबदला न्याय्य आहे. म्हणून ब्रँडला आपण जे जास्तीचे देतो ते नेमके कशाबद्दल देतो, हे आधी पाहायला हवे.

ब्रँडला सरसकट नावे ठेवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. ‘सोनारानेच कान टोचावे’ ही आपली म्हण विश्वासावर उभी आहे, आणि त्या विश्वासाला कितीतरी ठिकाणी तडा गेलेला होता. १९९० च्या दशकात टाटा समूहाच्या तनिष्कने आपल्या दुकानांत कॅरटमीटर ठेवले आणि लोकांना जुने दागिने तपासून पाहायला बोलावले. बावीस कॅरट म्हणून घेतलेले अनेक दागिने कमी कसाचे निघाले. ज्या बाईने पोटाला चिमटा घेऊन एकेक मणी जोडत पोत केली, तिच्या गळ्यातले किती सोने आणि किती तांबे, हे तिला त्या दिवशी कळले. अशा बाईने पुढच्या वेळी चार पैसे जास्त देऊन खात्री विकत घेतली, तर तिला उधळी म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? जुन्या पेढ्यांनीही नाव असेच कमावले. सांगलीत १८३२ साली सुरू झालेली गाडगिळांची पेढी असो की जळगावचा सराफ बाजार, लोक त्यांच्याकडे जात ते दिलेल्या शब्दासाठी. ती खात्री त्या काळी दुसरीकडे मिळत नव्हती, म्हणून तिला वेगळे मोल होते.

आता ती परिस्थिती पालटली आहे. भारतीय मानक ब्युरोने सोन्याचे हॉलमार्किंग २००० साली सुरू केले. १६ जून २०२१ पासून ते आधी २५६ जिल्ह्यांत आणि मग टप्प्याटप्प्याने आणखी जिल्ह्यांत सक्तीचे झाले. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक आवश्यक ठरला. त्याला एचयूआयडी म्हणतात. ब्युरोचे चिन्ह, ‘२२के९१६’ असा कस आणि हा क्रमांक, एवढे पाहिले की पुरते. ९१६ म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने. मोबाइलवर ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये क्रमांक टाकला की दागिन्याची नोंद समोर येते. घरातली कॉलेजात जाणारी पोरगी हे दोन मिनिटांत करून देईल. या शिक्क्याचे शुल्क २०२२ साली नगाला ४५ रुपये आणि वर कर असे ठरले. आलिशान शोरूमला तेवढेच आणि छोट्या सोनारालाही तेवढेच. शिक्क्याच्या दागिन्यात कस कमी निघाला, तर जेवढ्या सोन्याची तूट, तिच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळावा, असा नियम आहे. चोरीचा माल हाती सापडला तर दुप्पट परत करावा, असे निर्गमाच्या पुस्तकातही आहे. (जक्कय चौपट द्यायला निघाला होता, पण तो कायद्याने नव्हे!)

वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या दुकानदारांना आणि दोन ग्रॅमपेक्षा हलक्या नगांना या सक्तीतून सूट आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे. म्हणजे गावात शिक्क्याचा दागिना आपण मागितला तर मिळेल, न मागता मिळेलच असे नाही. मागण्यात सोनाराचा अपमान होत नाही. प्रामाणिक सोनाराचे तर त्याने भलेच होते, कारण त्याचा प्रामाणिकपणा आजवर कोणाला दाखवता येत नव्हता.

तर शुद्धतेसाठी ब्रँडला जास्त मोजण्याचे कारण आता बरेचसे उरलेले नाही. राहिली घडणावळ. कारागिराच्या हाताला दाम मिळालाच पाहिजे, त्यावर वाद नाही. सोनारांचे आश्रयदाते संत एलीजियस हे सातव्या शतकातले फ्रान्समधले सोनार. राजाने एका सिंहासनापुरते सोने दिले असता त्यांनी त्यात दोन सिंहासने करून दिली, अशी कथा आहे. त्यांचा हात कुशल होता आणि तराजू खरा होता. आपला पैसा ते गुलामांना सोडवण्यात घालत, आणि पुढे ते महागुरू झाले.

पण आज घडणावळ सहसा सोन्याच्या भावावर टक्क्याने लावतात, आणि आम्हाला खटकते ते इथे. २०२२ साली दहा ग्रॅम सोने ५० हजारांच्या आसपास होते. बारा टक्के घडणावळ म्हणजे सहा हजार. २०२५ साली तेच सोने एक लाखाच्या पुढे गेले आणि त्याच बारा टक्क्यांचे बारा हजार झाले. साखळी तीच, कड्या तेवढ्याच, वेळही तेवढाच. मुंबईच्या झवेरी बाजारात लहानशा खोलीत बसून दागिने घडवणाऱ्या बंगाली कारागिराची मजुरी त्याच काळात दुप्पट झाली असेल, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगेल काय? वाढलेला पैसा कारागिराच्या घरी जात नसेल, तर तो कोणत्या सुधारणेचा मोबदला? थॉमस अक्वायनस यांच्या कसोटीवर हा हिशेब टिकत नाही. घडणावळ ग्रॅममागे किती रुपये, असे विचारायची सवय आपण लावून घ्यायला हवी.

समजा भाव दहा ग्रॅमला एक लाख आहे. दहा ग्रॅमच्या मंगळसूत्राला एकीकडे आठ टक्के घडणावळ आहे, दुसरीकडे वीस टक्के. फरक बारा हजारांचा, आणि ३ टक्के जीएसटी धरून १२,३६० रुपयांचा. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे सव्वादोन क्विंटलांहून अधिक सोयाबीन, तेही हमीभाव मिळाला तर! आणि हा पैसा परत येत नाही. अडचणीच्या दिवशी दागिना बँकेत नेला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे फक्त सोन्याचे मोल धरतात. खडे, घडणावळ, डबीवरचे सोनेरी नाव, काहीच धरत नाहीत. मोड देतानाही तेच. काही ब्रँड आपल्याच दुकानात बदलून घेताना पूर्ण भाव देतात, हे खरे. पण नवा दागिना घेतला की नवी घडणावळ आलीच. आणि मोठे नाव म्हणजे कायमची हमी, असेही नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात ठाणे-डोंबिवलीकडे गुडविन ज्वेलर्सची दुकाने एकाएकी बंद झाली आणि तिथे महिन्याचे हप्ते भरणाऱ्या कुटुंबांना पोलिस ठाण्यात धाव घ्यावी लागली.

हा झाला पैशाचा हिशेब. आमच्या मते खरे दुखणे वेगळेच आहे. ज्याला नक्षी आवडली, जवळ पैसा आहे, कर्ज नाही, त्याने ब्रँडचा दागिना घेतला तर त्यात पाप शोधायचे कारण नाही. पण आपल्यातली किती कुटुंबे नक्षीसाठी जास्त मोजतात, आणि किती ‘कुठून घेतले?’ या प्रश्नाच्या धाकाने? याकोबाने आपल्या पत्रात सभेत आलेल्या दोन माणसांचे चित्र रेखाटले आहे. सोन्याची अंगठी घातलेल्याला बसायला चांगली जागा मिळते, मळकट कपड्यांतल्या गरिबाला तिकडे उभे राहा म्हणतात. ती सभा प्रार्थनेची होती, बाजाराची नव्हती. आपल्या लग्नांत सोन्याच्या तोळ्यांबरोबर दुकानाचे नावही विचारले जाऊ लागले असेल, तर ते चित्र आपलेच आहे. त्याहून वाईट म्हणजे ‘आमच्या सुनेला अमुक दुकानाचेच सोने हवे’ हा वरपक्षाचा निरोप. ती आवड नव्हे, तो हुंडा आहे. १९६१ च्या कायद्याने बंदी असलेला आणि ख्रिस्ती विवाहाच्या संस्काराला न शोभणारा. तिथे ब्रँडची किंमत मुलीचा बाप मोजतो, बहुधा व्याजाने काढून.

विवाहाच्या वेळी वेदीसमोर क्रूसाचे मंगळसूत्र आशीर्वादित होते. आपल्यातील केरळच्या कुटुंबांत मिन्नू असतो, चिमुकल्या पानाएवढा, त्यावर बारीक मण्यांचा क्रूस. आणि तो ओवायचा दोरा मंत्रकोडीच्या, म्हणजे लग्नाच्या साडीच्या धाग्यांचा असतो. त्या दोऱ्याला कोणत्याही दुकानाचे नाव नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली पदग्रहणाच्या वेळी घेतलेली अंगठीही सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीची होती.

चांदीविषयी थोडेसेच. तिचा हॉलमार्क ऐच्छिक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून त्यातही ओळख क्रमांकाची पद्धत आली. जोडवी, पैंजण, बाप्तिस्म्याला द्यायचे क्रूस आपण वजनावर घेत आलो. ब्रँडची ‘९२५’ चांदी मात्र बहुधा नगावर विकतात. तो क्रूस तिथल्या तिथे तराजूवर ठेवून पाहावा आणि ग्रॅमचा भाव काढावा. पुष्कळदा चांदीपेक्षा डबीच महाग पडते.

यंदा ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी दुकान कोणतेही निवडावे, पण कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानू नये. पक्क्या बिलात सोन्याचे निव्वळ वजन, कस, त्या दिवसाचा भाव, घडणावळ, हॉलमार्कचे शुल्क आणि कर हे वेगवेगळे लिहून घ्यावे, खड्यांचे वजन सोन्यात धरू देऊ नये, आणि एचयूआयडी तिथेच उभे राहून तपासावा. बिल मंगळसूत्राच्या डबीत न ठेवता घरच्या कागदपत्रांत ठेवावे.