कोणी पाहिले नव्हते



थंडीच्या दिवसांतील एका रविवारी पहाटे आम्ही वाडीतली आठ-दहा माणसे रस्त्याच्या कडेला उभी होतो. आपल्या धर्मग्रामातील एक भाऊ जवळच भरलेल्या ड्युएथलॉन शर्यतीत उतरला होता. त्याची म्हातारी आई, पत्नी, मुले, शेजारीपाजारी असे सगळेच आले होते. आदल्या सायंकाळी तो सहकुटुंब मिस्साला हजर होता. रविवारी शर्यत आहे म्हणून रविवारच्या प्रभूला त्याने बाजूला ठेवले नव्हते.

ड्युएथलॉन म्हणजे काय, हे आम्हांलाही त्याच्यामुळेच समजले. आधी धावायचे, मग सायकल चालवायची आणि सायकल जागेवर ठेवून पुन्हा धावायचे. ही छोट्या पल्ल्याची शर्यत होती: ५ किलोमीटर धाव, २० किलोमीटर सायकल आणि शेवटी अडीच किलोमीटर धाव. सर्वांत अवघड असते ती ही शेवटची धाव. तासभर सायकलवर फिरलेले पाय जमिनीवर आले की आपले वाटतच नाहीत, विटा बांधल्यासारखे जड होतात.

आमचा हा भाऊ काही नावाजलेला खेळाडू नव्हे. वय त्रेचाळीस, नोकरी मुंबईत, रोजचा प्रवास लोकलच्या गर्दीतून. सराव करायचा तो पहाटे साडेचारला, गाव झोपेत असताना. सायकलही दुसऱ्याने वापरून विकलेली. वर्षभर त्याने असा घाम गाळला. निघताना धाकट्या मुलीने बजावले होते, "डॅडी, या वेळी कप आणायचा हं!"

या शर्यतीत एक साधा पण कडक नियम असतो. सायकल स्टँडवरून काढण्याआधी हेल्मेटचे हनुवटीखालचे बक्कल लावायचे आणि सायकल परत स्टँडवर ठेवल्याशिवाय ते सोडायचे नाही. नियम सुरक्षिततेसाठी आहे. सुरुवातीच्या सूचनांतच सांगितले होते की, जो चुकेल त्याच्या वेळेत दोन मिनिटे वाढवली जातील.

आमचा भाऊ सायकलवरून उतरला, सायकल ढकलत धावू लागला आणि घाईत स्टँडच्या चार पावले आधीच त्याचा हात बक्कलकडे गेला. पंच त्या क्षणी दुसऱ्या स्पर्धकाकडे पाहत होते. आम्ही दोरीला खेटून उभे होतो, म्हणून आम्हांला दिसले. त्याने सायकल ठेवली आणि तो शेवटच्या धावेला निघाला. जड पायांनी, दात आवळून तो धावला आणि चाळिशीवरील गटात तिसरा आला. चौथा गडी त्याच्यामागून मिनिटभरातच पोहोचला. आम्ही टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. मुलगी तर उड्याच मारत होती.

पाण्याचे दोन घोट घेऊन तो म्हणाला, "माझं बक्कल आधी सुटलं होतं. पंचांना सांगून येतो."

बंधुभगिनींनो, यापुढे आम्ही जे केले ते सांगायला संकोच वाटतो. पण सांगितलेच पाहिजे. आम्ही त्याला अडवले. एक जण म्हणाला, "अरे, कोणी बघितलंय?" दुसरा म्हणाला, "चार पावलांचा तर प्रश्न! त्यामुळे काय तू जोरात पळालास?" आणि तिसरा म्हणाला, "आधी पोरीचं तोंड बघ, मग जा."

त्याने मुलीकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाला, "तिचंच तोंड बघून चाललोय."

पंचांनी दोन मिनिटे वाढवली. तिसऱ्या क्रमांकाचा कप दुसऱ्याच एका गृहस्थांना मिळाला. मुलगी रडली. परतीच्या वाटेवर आम्ही कोणी फारसे बोललो नाही. तो मात्र एका हाताने सायकल आणि दुसऱ्या हाताने मुलीला धरून चालत होता.

संत पौलाने करिंथकरांना पहिले पत्र लिहिले, तेव्हा त्याच्या वाचकांना शर्यत म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नव्हती. करिंथ शहरापासून काही मैलांवर दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत असत. विजेत्याला मिळे तो पाइनच्या डहाळ्यांचा किंवा वाळलेल्या पानांचा मुकुट, थोड्याच दिवसांत चुरा होणारा. त्या मुकुटासाठी खेळाडू किती संयम पाळतात, मग न कोमेजणाऱ्या मुकुटासाठी आपण किती पाळावा, असे पौल विचारतो. पण नवव्या अध्यायाच्या अगदी शेवटी त्याने आपल्या मनातली भीती बोलून दाखवली आहे. आपण हरू, अशी ती भीती नव्हे. दुसऱ्यांना उपदेश करून आपण स्वतःच अपात्र ठरू नये, ही ती भीती आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातही तेच सांगितले आहे: नियमाप्रमाणे न खेळणाऱ्याला मुकुट नाही.

जुन्या ग्रीसमध्ये ऑलिम्पिया येथे लबाडी करणाऱ्या खेळाडूंकडून दंड घेतला जाई. त्या पैशांतून झ्यूस देवाच्या ब्राँझच्या मूर्ती घडवून मैदानाच्या वाटेवर उभ्या करत. पहिल्या मूर्ती इसवी सनापूर्वी ३८८ मधील लाचखोरीच्या दंडातून उभ्या राहिल्या. चौथऱ्यांवर अपराधाचा लेख कोरला जाई, म्हणजे मैदानात शिरणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा! मूर्ती गेल्या, पण चौथरे आजही तेथे आहेत.

आपला प्रभू असा नाही. तो आपली पापे दगडावर कोरून वाटेवर उभी करत नाही. प्रायश्चित्त संस्कारात आपण चूक उच्चारतो आणि ती तेथेच क्षमेत विरून जाते. आमच्या भावाची चूकही दोन मिनिटांत संपली. तो गप्प राहिला असता, तर मात्र कप घरी आला असता, कपाटात विराजमान झाला असता आणि रोज त्याला चार पावलांची आठवण करून देत राहिला असता. आपणच आपल्या घरात आपला चौथरा उभारतो, तो असा.

१ जून २०१८ रोजी व्हॅटिकनने खेळाविषयी एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. खेळापुढची आव्हाने सांगताना त्यात उत्तेजक द्रव्ये आणि भ्रष्टाचार यांच्या जोडीला प्रेक्षकांचाही विचार केलेला आहे. आम्ही त्या सकाळी असे प्रेक्षकच होतो. आणि आम्ही वाईट हेतूने बोललो होतो काय? नाही. आमचे त्याच्यावर प्रेम होते. पण क्रुसाचा मार्ग नको, असे येशूला सांगणाऱ्या पेत्राचेही येशूवर प्रेमच होते आणि प्रभूने त्यालाच सर्वांत कडक शब्दांत फटकारले. शत्रूचा मोह ओळखता येतो. आपल्या माणसाच्या प्रेमातून आलेला मोह ओळखणे कठीण असते.

"कोणी बघितलंय?" हे वाक्य आपल्या किती ओठांवर असते! भाजीच्या वजनकाट्यावर, शेताचा बांध थोडा सरकवताना, पावतीशिवाय माल घेताना, कार्यालयातील हजेरीच्या वहीपुढे, मुलाच्या परीक्षेच्या वेळी. आपण मुलांना चोरी करायला शिकवत नाही. आपण त्यांना फक्त गप्प राहायला शिकवतो, आणि तेवढे पुरते.

तेव्हा या आठवड्यात दोन गोष्टी करूया. रात्रीच्या प्रार्थनेच्या वेळी थोडे शांत बसून, कोणी न पाहिलेले आपले एक बक्कल आठवूया आणि ते घेऊन प्रायश्चित्त संस्काराला जाऊया. ज्याचे नुकसान झाले असेल, त्याचे भरूनही देऊया. दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. आपला नवरा, मुलगा, मैत्रीण किंवा शेजारी स्वतःची चूक कबूल करायला निघाला, तर त्याची वाट अडवू नये. जमले तर पंचापर्यंत त्याच्यासोबत चालत जावे. त्या सकाळी आमच्यापैकी एकही जण त्याच्यासोबत गेला नाही. ती खंत अजून मनात आहे.

जो गुप्तातले पाहतो आणि तरीही क्षमा करतो, तो प्रभू आपल्या जड पायांना शेवटच्या धावेसाठी बळ देवो. आमेन.